सेल आधी कोणाचा संपतो?
बिनतारी संवेदकांच्या जाळ्याचा हिशेब

यंत्रांवर, गोदामात, शेतात आणि पाण्याच्या नळांवर लावायच्या छोट्या बिनतारी संवेदकांची, म्हणजेच सेन्सरांची, चर्चा आता निगडी, तळवडे, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांपुरती राहिलेली नाही. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपात आणि आमच्यासारख्यांच्या कापडाच्या गोदामातही त्यांचे विक्रेते येऊ लागले आहेत. त्यांच्या पत्रकावर हल्ली 'एआय' ही अक्षरे हमखास असतात आणि त्याखाली 'बॅटरीची बचत करणारे स्मार्ट राउटिंग' असे काहीसे छापलेले असते. त्याचा अर्थ विचारला, की विक्रेता पुढचे पान उलटतो.

म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. विषय इंजिनियर मंडळींचा असला तरी त्यातला मूळ प्रश्न मालवाहतुकीचा आहे, आणि मालवाहतूक आपल्या लोकांना नवी नाही. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथून गाठी मागवणाऱ्याला हा हिशेब समजायला कोणतीही पदवी लागत नाही.

संवेदक म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी. तिच्यात चार वस्तू असतात. उष्णता, दमटपणा, कंप किंवा धूर ओळखणारा तुकडा. त्याचे आकडे करणारी चिप. ते आकडे पाठवणारा छोटा रेडिओ. आणि या तिघांना पोसणारे सेल. सगळ्या डब्यांची माहिती एका पेटीत गोळा होते. तिला गेटवे म्हणतात. ही पेटी भिंतीतल्या विजेवर चालते आणि तिथून माहिती मालकाच्या मोबाइलवर जाते. ज्या डब्या गेटवेपासून लांब असतात, त्या आपला निरोप शेजारच्या डबीला देतात, ती पुढच्या डबीला, आणि असे टप्पे करीत निरोप पेटीपर्यंत पोहोचतो. कोणत्या डबीने कोणाच्या हाती निरोप द्यायचा, ही वाट ठरवणे म्हणजेच राउटिंग.

आता खर्च पाहू. चिप विचार करते त्याला फारसे काही लागत नाही. सेल खाणारा गडी रेडिओ आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातून आलेली 'टेलॉस' नावाची डबी या क्षेत्रात वर्षानुवर्षे नमुना म्हणून वापरली गेली. तिचा रेडिओ बोलताना सुमारे १७ मिलिअँपिअर वीज घेतो आणि नुसता कान देऊन बसला तर सुमारे १९. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणे महाग! बाजारातल्या चांगल्या पेन्सिल सेलच्या जोडीत २५०० मिलिअँपिअर-तास एवढी शिदोरी असते असे धरले, तर सतत कान उघडे ठेवणारी डबी साडेपाच दिवसांत गप्प होईल. तीच डबी शंभरातला एकच क्षण जागी राहिली आणि बाकीचा वेळ झोपली, तर कागदावर सुमारे अठरा महिने निघतात. दुकानात गिऱ्हाईक नसताना दिवे, पंखे आणि पाटी सगळे चालू ठेवावे, तसा हा ऐकण्याचा खर्च आहे.

दुसरा खर्च अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की रेडिओच्या लहरीला चौपट जोर लावावा लागतो. भिंती, लोखंडी रॅक, यंत्रे आणि भिजलेल्या मालाच्या गाठी मधे आल्या तर त्याहूनही जास्त. २००० साली एमआयटी या अमेरिकन संस्थेतल्या वेंडी हाइनझेलमन, अनंता चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी एक सोपा हिशेब मांडला, तो आजही शिकवला जातो. रेडिओ नुसता चालवण्याचा खर्च ५० एकक, बोलताना आणि ऐकतानाही. त्यावर बोलणाऱ्याला अंतराचा खर्च वेगळा: मीटरचा वर्ग करून त्याचा दहावा भाग.

या भावाने शंभर मीटरवर थेट निरोप पाठवला तर ५० अधिक १०००, म्हणजे १०५० एकक लागतात. मधे पन्नास मीटरवर एक डबी ठेवली तर प्रत्येक टप्प्याचे बोलणे ३००, दोन टप्प्यांचे ६००, आणि मधल्या डबीचे ऐकणे ५०, एकूण ६५०. चारशे वाचले. मग कोणी म्हणेल, दहा-दहा मीटरवर डब्या ठेवा, आणखी वाचेल. ठेवून पाहा. दहा टप्प्यांचे बोलणे ६००, मधल्या नऊ डब्यांचे ऐकणे ४५०. एकूण पुन्हा १०५०! सगळी बचत हमालीत गेली. या हिशेबात सर्वांत स्वस्त पडतात ते तीन टप्पे, ५८३ च्या आसपास. प्रत्येक टप्प्यावर माल उतरवायचा नि चढवायचा खर्च असतो, हे ज्याने एकदा ट्रान्सपोर्टवाल्याचे बिल भरले आहे त्याला सांगायला नको.

इथपर्यंत वाटेल, की मग सर्वांत स्वस्त वाट एकदा काढावी आणि सगळे निरोप त्याच वाटेने न्यावेत. नेमकी इथेच मेख आहे.

समजा, दहा डब्या दहा-दहा मीटरवर एका ओळीत आहेत आणि शेवटी गेटवे. प्रत्येकीला एकेक निरोप द्यायचा आहे. सर्वांत लांबची डबी आपला एक निरोप पुढे देते आणि झोपते. तिचा खर्च ६०. गेटवेशेजारची डबी मात्र नऊ जणींचे ऐकते आणि आपला धरून दहा निरोप पुढे देते. तिचा खर्च १०५०. साडेसतरा पट. लांबच्या डबीचे सेल भरलेले असतानाच जवळच्या डबीचे संपतात. आणि ती एक गेली की मागच्या नऊही मुक्या होतात, सेल भरलेले असूनसुद्धा. आमच्या उर्दू शाळेत भागाकाराला तकसीम म्हणत, आणि हाच शब्द वाटणीलाही चालत असे. या जाळ्याचा सगळा प्रश्न तकसीमचा आहे. एकूण खर्च किती झाला यापेक्षा तो कोणाच्या अंगावर पडला, याला इथे जास्त महत्त्व.

हे कागदावरचे गणित नव्हे. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचे चिखलीच्या बाजूला कापडाचे गोदाम आहे. त्यांनी दमटपणा मोजण्यासाठी चौदा डब्या बसवून घेतल्या. गेटवे पुढच्या कचेरीत, माल मागच्या बाजूला, आणि मधे पत्र्याचे पार्टिशन. पार्टिशनच्या पलीकडचा सगळा निरोप मधल्या खांबावरच्या एकाच डबीतून इकडे येत होता. सातव्या महिन्यात ती डबी बंद पडली. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मागच्या बाजूचा शेवटचा आकडा तसाच दिसत राहिला: दमटपणा ६१ टक्के. तीन आठवडे तोच आकडा. दिवस पावसाचे होते. मागच्या भिंतीला ओल आली आणि खालच्या थरातल्या शर्टिंगच्या गाठींना बुरशीचे डाग पडले. मेस्त्रीने डब्या उघडल्या तेव्हा मागच्या सातही डब्यांचे सेल चांगले होते. बसवणाऱ्याचे म्हणणे, सेल बदलणे गिऱ्हाइकाचे काम. बरे, कोणता सेल बदलायचा हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

आता त्यावरचे इलाज. पहिला इलाज एमआयटीच्या त्याच तिघांनी सुचवला, त्याचे नाव 'लीच'. डब्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाचा एक मुकादम. गटातल्या डब्या जवळच्या जवळ मुकादमाला निरोप देतात, मुकादम सगळ्यांचा गोषवारा करून लांब पाठवतो. मुकादमाचा खर्च मोठा, म्हणून मुकादमी पाळीपाळीने फिरते. शंभरात पाचेक मुकादम एका वेळी. कल्पना साधी, पण पाळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरते. ज्याचा सेल आधीच उतरला आहे त्याच्याही गळ्यात मुकादमी पडू शकते.

पुढची पायरी म्हणजे ज्याला आता कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती. नाव मोठे आहे, काम समजण्यासारखे आहे. जस्टिन बॉयन आणि मायकेल लिटमन यांनी १९९४ मध्ये 'क्यू-राउटिंग' मांडले, तेव्हा ते संगणकांच्या तारांच्या जाळ्यासाठी होते आणि त्यात वेळेचा हिशेब होता. पुढे संवेदकांच्या अभ्यासकांनी त्यात सेलचा हिशेब घातला. यात प्रत्येक डबी स्वतःची छोटी वही ठेवते: कोणत्या शेजाऱ्याच्या हाती निरोप दिला तर तो पेटीपर्यंत पोहोचायला किती खर्च येतो. समजा, एका शेजाऱ्यापुढे १२ हा आकडा लिहिला आहे. निरोप दिला, आणि शेजाऱ्याच्या उत्तरावरून कळले, की खर्च २० आला. डबी लगेच २० लिहीत नाही, कारण एखाद दिवस कोणाचाही वाईट जातो. ती फरकाचा चौथा भाग घेते आणि १४ लिहिते. पुन्हा तसेच झाले तर आकडा आणखी चढतो, आणि एक दिवस दुसरा शेजारी स्वस्त दिसू लागतो. शेजाऱ्याचा सेल जसा उतरेल तसा त्याचा भाव चढवायचा, एवढे या वहीत घातले, की थकलेल्या डबीवरचा बोजा आपोआप कमी होतो. कोणी वरून हुकूम द्यावा लागत नाही. अधूनमधून डबी मुद्दाम महाग वाटेनेही एखादा निरोप पाठवते, वाट सुधारली आहे का ते पाहायला. आपणही नव्या ट्रान्सपोर्टवाल्याला आधी एकच गाठ देऊन पाहतो.

दुसरी रीत मुंग्यांची. मुंगी जाता-येता वाटेवर वास सोडते. जवळच्या वाटेवर फेऱ्या जास्त होतात, म्हणून वास दाट होतो, आणि न वापरलेल्या वाटेवरचा उडून जातो. मार्को दोरिगो या इटालियन संशोधकाने १९९२ च्या आपल्या प्रबंधात ही रीत गणितात बसवली, आणि १९९८ मध्ये जियानी दि कारो यांच्याबरोबर ती संदेशांच्या जाळ्यांना लावली. सेलांच्या जाळ्यात वासाचा दाटपणा वाटेवरच्या शिल्लक सेलावरही ठरवतात. तिसरी रीत लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'फझी' गणिताची. तिच्यात सेल 'बऱ्यापैकी', पेटी 'जवळ', शेजारी 'पुष्कळ' अशा मोघम शब्दांवरून मुकादम निवडतात. आमच्या बाजारात दलाल गिऱ्हाइकाची पत याच शब्दांत सांगतो, आणि ती बहुधा बरोबर निघते.

पत्रकात न लिहिलेली गोष्टही सांगितली पाहिजे. ही सगळी शहाणपणाची वही चालवायलाही खर्च येतो. शेजाऱ्याचे उत्तर ऐकायला रेडिओ उघडा लागतो. टेलॉससारख्या डबीत काम करायची आठवण फक्त १० किलोबाइट असते. त्यात मोठी बुद्धी मावत नाही. म्हणून जाळे मोठे असेल तर शिकण्याचे काम बहुधा गेटवेवर किंवा त्यामागच्या संगणकावर होते आणि डब्यांना तयार वाटा कळवल्या जातात. शिवाय या विषयावरचे बहुसंख्य प्रबंध संगणकाच्या पडद्यावरच डब्या मांडून तपासलेले असतात, खऱ्या भिंती, खरा पाऊस, खरे लोखंड त्यांत नसते. अमुक टक्के बचत असा दावा दिसला, की 'कशाच्या तुलनेत?' असे विचारावे. पुष्कळदा उत्तर 'लीच'च्या तुलनेत असे येते, आणि ती पद्धत पंचवीस वर्षांपूर्वीची आहे.

खऱ्या शेतात काय होते त्याचे एक उदाहरण हॉलंडचे आहे. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये बटाट्याच्या शेतात शंभरावर डब्या लावल्या होत्या, पिकावरच्या रोगाचा अंदाज घेण्यासाठी. पाठवायच्या माहितीपैकी जेमतेम २ टक्के हाती लागली. त्यांनी ते लपवले नाही, उलट २००६ मध्ये आपल्या फसगतीचाच लेख छापला. आम्हाला असे लेख यशाच्या दहा लेखांपेक्षा मोलाचे वाटतात.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय देसाई यांच्या गटाने 'अ‍ॅग्रीसेन्स' नावाचे जाळे नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात उभे केले होते. मातीची ओल, हवेची उष्णता, पानावरचा ओलावा अशा गोष्टी मोजायच्या, म्हणजे पाणी किती द्यायचे आणि औषध कधी फवारायचे हे कळते. द्राक्षावरचा केवडा पान किती तास ओले राहिले यावर वाढतो, हे नाशिककडच्या कोणत्याही बागाईतदाराला ठाऊक आहे.

याच संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दरडींसाठी 'सेनस्लाइड' नावाची रचना आखली आणि २००७ मध्ये ती प्रसिद्ध केली. खडकात भोके पाडून ताण मोजणारे संवेदक बसवायचे आणि खडक हलू लागला की निरोप द्यायचा, अशी ती कल्पना. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांनी गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. आपल्या पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा कड्यावर ऐन पावसात सेल बदलायला कोण चढणार? आणि ज्या दिवशी निरोप यायचा त्याच दिवशी मधली डबी मेलेली असेल तर? उन्हाळ्यात डब्यांनी निवांत झोपावे, पावसाळ्यात वारंवार जागे व्हावे, आणि बोजा सगळ्यांनी मिळून उचलावा, हे ठरवणारी बुद्धी अशा ठिकाणी खरोखर कामाची आहे. मैलोगणती पाण्याचे नळ, मोठी शेते, डोंगर, जिथे डब्या शेकड्यांनी आहेत आणि वाटाही अनेक आहेत, तिथे तिचे मोल मिळते.

पण चौदा डब्यांच्या गोदामात? आमचे मत स्पष्ट आहे: तिथे बुद्धीपेक्षा मांडणी महत्त्वाची. नात्यातल्या त्या गोदामात पलीकडे जायला वाट एकच होती. एकच वाट असेल तर मुंग्या आणल्या काय नि मुकादम नेमले काय, निवडायला दुसरे काही नाही. मधल्या खांबावर विजेची वायर ओढून ती डबी सेलवरून काढली असती, किंवा पार्टिशनच्या पलीकडे दुसरा गेटवे ठेवला असता, तर काम झाले असते. आमचा भाचा इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "मामू, एवढ्याशा जागेत टप्पे हवेतच कशाला?" त्याचेही खरे आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना वापरता येतात. त्या पट्ट्यातल्या 'लोरा' जातीच्या डब्या बऱ्याच लांबून थेट गेटवेशी बोलतात. कोणी कोणाचे ओझे वाहत नाही, प्रत्येकीचा सेल तिच्यापुरता. थोड्याथोडक्या माहितीसाठी हे पुरते. उलट स्वस्तातले वायफाय संवेदक पाहून भुलू नये. वायफायचा रेडिओ बोलताना शंभराहून अधिक मिलिअँपिअर ओढतो, तो सेलवर चालवायचा प्रकारच नाही.

सर्वांत मोठी बचत आणखी वेगळ्याच ठिकाणी आहे: न बोलण्यात. गोदामातला दमटपणा मिनिटामिनिटाला बदलत नाही. आकडा दोन टक्क्यांनी हलला तरच बोलायचे, असे डबीला सांगितले तर दिवसाचे शेकडो निरोप चार-पाचांवर येतात. इथेही यंत्राला शिकवता येते. गेटवे रोजचा चढउतार ओळखतो आणि डबी त्या अंदाजाबाहेर काही दिसले तरच तोंड उघडते. यंत्रमागाच्या शेडमध्ये, जिथे हवा कोरडी झाली की सुती ताणा तुटू लागतो, तिथे अंतर थोडे कमी ठेवावे. मात्र एक पथ्य: गप्प बसलेली डबी आणि मेलेली डबी बाहेरून सारखीच दिसते. म्हणून काही बदल नसला तरी दिवसातून एक-दोनदा 'मी आहे' एवढा निरोप आलाच पाहिजे, आणि तो चुकला तर पडद्यावर जुना आकडा न दिसता लाल खूण दिसली पाहिजे.

आगीच्या बाबतीत आम्ही याहून कडक आहोत. कापड, भंगार, लाकूड, फोम यांची गोदामे असणाऱ्यांनी धुराच्या घंटेचा भार सेलवरच्या टप्प्याटप्प्याच्या जाळ्यावर ठेवू नये. तिथे तार ओढावी, वर बिनतारी जोड हवी तर द्यावी.

विक्रेता आला तर त्याच्याकडून कोटेशनवरच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. 'सेल पाच वर्षे टिकतो' हे कोणत्या डबीबद्दल आहे, लांबच्या की गेटवेशेजारच्या? किती मिनिटांनी एक निरोप धरून? प्रत्येक डबीचा उरलेला सेल पडद्यावर दिसतो का? एक डबी काढून घेतली तर बाकीच्यांची माहिती यायची थांबते का, हे पैसे देण्याआधी स्वतः करून पाहावे. मधली डबी काढायची आणि चहा होईपर्यंत पडदा पाहायचा. इतके करायला वेळ नसेल तर निगडीच्या प्राधिकरणात पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनियरिंग आहे, आसपास आणखीही कॉलेजे आहेत. अखेरच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी खरे गोदाम, खरे वर्कशॉप हवेच असते. आपले दार उघडून द्यावे, डब्यांची जागा त्यांच्याकडून आखून घ्यावी, आणि शिडी मात्र आपल्याच माणसाने धरावी.